काजू बी बोटीवर चढली कधी?

वेंगुर्ल्याच्या बाजारात फेब्रुवारीअखेर गावठी काजू बी यायला लागते आणि मे संपता संपता आटते. सिंधुदुर्गातले कारखाने मात्र पुढेही चालवायचे असतात, कारण गराला खरी मागणी येते ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत. मग बी मागवायची आफ्रिकेतून. आयव्हरी कोस्ट, घाना, आणि ऑक्टोबरनंतर टांझानिया.

सप्लायर फोनवर सांगतो, माल निघाला. पण गोदामातून निघाला, बंदरात पोचला, की बोटीवर चढला? वाटेत कंटेनर एका बोटीतून उतरवून दुसरीत चढवतात. ती दुसरी बोट चुकली, की पुढची मिळेपर्यंत माल धक्क्यावर पडून.

या उशिरानं बीचं काय होतं, ते टेबलावर दिसतं. नमुन्याची किलोभर बी घेतात, एकेक चिरतात. भरलेला पांढरा गर एका बाजूला, डाग पडलेला दुसऱ्या. सुरकुतलेला, बुरशी धरलेला आणि पोकळ निघालेला वेगळा. चांगल्या गराच्या वजनावरून आउटटर्न काढतात, म्हणजे ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर. ४८ पौंड म्हणजे किलोमागे साधारण २७२ ग्रॅम. ओलसर बी बंद कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिली, आतल्या पत्र्याला घाम सुटून तो पोत्यांवर ठिबकला आणि आकडा ४५ वर आला, तर टनामागे १७ किलो गर गेला. त्यात ती जुलैत येऊन पडली तर वाळवणार कुठे? कोकणातला पाऊस खळं मोकळं सोडत नाही.

सोलणाऱ्या, साल काढणाऱ्या कितीतरी बाया किलोवर मजुरी घेतात. बी नाही तर मजुरी नाही. ‘बी कधी येतली?’ एवढंच त्या विचारतात. उशिराच्या हिशेबात हा रकाना कुणी धरत नाही. आमच्या मते सर्वांत आधी तोच धरायला हवा.

सप्लायरशी फोनवर भांडून बोट लवकर येत नाही. जे करायचं ते कागदावर, आणि बोट सुटायच्या आधी. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे कागदपत्रं अटींप्रमाणे असतील तर सप्लायरला पैसे देण्याची बँकेची हमी. त्यात शिपमेंटची शेवटची तारीख घालता येते. बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीनं मालाच्या दिलेल्या पावतीवरची, ‘ऑन बोर्ड’ तारीख तिच्या पुढची निघाली, तर कागदपत्रांत खोट धरली जाते. मग माल नाकारायचा की दर उतरवून घ्यायचा, हे बोलायला खरेदीदाराला जागा राहते. सगळे पैसे आगाऊ पाठवून बसलेल्याला ती नसते.

मात्र ही तारीख माल चढल्याची, पोचल्याची नव्हे. वाटेतला उशीर तिच्यात येत नाही. म्हणून आउटटर्न आणि ओलावा भारतातल्या बंदरात माल उतरल्यावर तपासायचा, आणि आउटटर्न कमी भरला तर पौंडामागे किती कापायचे, हे करारातच लिहून घ्यावं.

करार भारतीय कायद्याखाली असेल आणि मुदत हा त्याचा गाभा असेल, म्हणजे माल वेळेत देणं ही मूळ अटच असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५५ पाहावं. उशिरा आलेला माल घेताना, त्याच वेळी, भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही, तर उशिराची भरपाई पुढे मागता येत नाही. कंटेनर ताब्यात घेण्याआधी दोन ओळींचा ई-मेल जायलाच हवा. घाईत नेमका तोच राहतो.

दर वेळी दोष सप्लायरचाच असतो असंही नाही. बेनिन सरकारनं १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद करण्याचं जाहीर केलं, तिथे व्यापारी काय करणार? एकाच देशावर विसंबलेला कारखाना अशा वेळी थांबतो. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये सावंतवाडी, दोडामार्गच्या बागायतदारांची बी, दर चढा वाटला तरी, खडखडीत वाळवून निदान पावसाळाभर पुरेल एवढी भरून ठेवावी. भांडवल अडकतं, व्याज चढतं, हे खरं. त्यासाठी बँकेकडे खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागायची ती हंगामाच्या तोंडावर नव्हे, जानेवारीतच.