कढईवर कोण, दारात कोण

[दृश्य: कोथरूड. स्वयंपाकघर. कढई, अगदी जवळून.]

तेल तापलंय. सोऱ्यातून चकली कागदावर पडते, कागदावरून हलकेच कढईत. एका घाण्याला सात-आठ. बुडबुडे कमी झाले की चकली झाली. ते बघणारी बाई एकच, आणि तिला मध्येच हाक मारायची नाही, हा इथला नियम. ऑर्डर, सुटे पैसे, "ताई, शेव आहे का?" हे सगळं दारातल्या टेबलावर.

[दृश्य: आतली खोली. लॅपटॉप, पांढरा फळा.]

दिवाळीआधीचे पंधरा दिवस. बचत गटाच्या फराळाच्या ऑर्डरी यंदा वेबसाइटवर. साइट लिहिली गटातल्या मावशींच्या भाच्यानं, जँगो या पायथनच्या तयार चौकटीत. भाड्याचा सर्व्हर, दोन कोअरचा, म्हणजे प्रोसेसरचे दोन गाभे. त्यावर जँगोचा कोड चालवणारा गुनिकॉर्न, आणि त्याचे पाच वर्कर, म्हणजे कामकरी प्रोसेस: कोअरची दुप्पट अधिक एक, हा गुनिकॉर्नवाल्यांचाच ठोकताळा.

साधा वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची एक मागणी, हातात घेतो.

[दृश्य: फळ्यावर पाच चौकोन. एकेक लाल होतो.]

ग्राहक पैसे भरतो आणि त्याचा स्क्रीनशॉट साइटवर चढवतो. तो असतो खडकवासल्याच्या पुढे, रेंजची एकच कांडी. फोटो थेंबथेंब येतोय, आणि तोवर वर्कर हात बांधून उभा. असे पाच जण एकदम आले, की सहाव्यासमोर नुसतं फिरणारं चक्र. प्रोसेसर मात्र रिकामाच.

भाचा म्हणाला, "मोठं मशीन घेऊ." मावशी चकलीवरची नजर न काढता म्हणाल्या, "कढया वाढवून काय होणार रे? दारात कुणीतरी बसव."

[दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं.]

दारात बसवायचं कोण, तर एंजिनएक्स: ब्राउझरच्या मागण्या पुढे उभं राहून झेलणारा वेब सर्व्हर. इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रॅमरनं तो २००२ मध्ये लिहायला घेतला, २००४ च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुला केला. फुकट. तेव्हाचा प्रश्न होता, एका मशीनवर दहा हजार जोडण्या एकदम कशा पेलायच्या? अपाचे हा जुना वेब सर्व्हर तेव्हा साधारणपणे प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस किंवा थ्रेड (प्रोसेसच्या आतला कामाचा धागा) अडकवायचा. एंजिनएक्सच्या मोजक्याच प्रोसेस. प्रत्येक जण हजारो जोडण्यांवर नजर ठेवून, ज्याचं काही आलं त्याच्याकडे वळतो. संथ ग्राहक त्याला जड जात नाही. अख्खा फोटो आधी स्वतःकडे जमा करतो, मगच आत वर्करच्या हातात देतो. वर्करचं काम क्षणात उरकतं.

[दृश्य: कीबोर्डवर बोटं. बाजूला चहाचा कप.]

८० आणि ४४३ हे पोर्ट, म्हणजे वेबसाठी ठरलेली सर्व्हरची दारं, आता एंजिनएक्सकडे. गुनिकॉर्न आत, ८००० वर, बाहेरून दिसतही नाही. चकलीचे फोटो, सीएसएस (पानाच्या सजावटीच्या फाइली) थेट डिस्कवरून जातात. जँगोला त्यासाठी उठवायला नको. एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, सर्टिफिकेटही दारातच. मशीन तेच, दोन कोअरचं. भाडं एक रुपयानंही वाढलं नाही.

सगळ्यांनाच हे लागतं असं नाही. ऑफिसातल्या दहा जणांचं हजेरीचं ॲप टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरवर, पोर्ट ८०८० ला, निवांत चालतं. क्लाउडचा लोड बॅलन्सर (आलेली गर्दी सर्व्हरांत वाटून देणारा) पुढे असला तर सर्टिफिकेटही तोच सांभाळतो. पण फराळ विकायचा असेल, तर दार मोकळं ठेवू नये.

[दृश्य: लॉग. ओळी वर सरकताहेत.]

पहिल्या दिवशी मोठे स्क्रीनशॉट परत गेले, एरर ४१३. एंजिनएक्सची ठरलेली मर्यादा एक एमबी, ती वाढवायची राहिली होती. काही ऑर्डरी त्यात हुकल्या. शिवाय गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये प्रत्येक ग्राहकाचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, जणू सगळं गिऱ्हाईक घरातलंच. खरा पत्ता हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या माहितीच्या ओळींतून, आत पाठवावा लागला.

[दृश्य: एक ओळ बदलते. एंटर.]

मर्यादा दहा एमबी. रीलोड. जुन्या प्रोसेस हातातलं काम संपवून जातात, नव्या उभ्या राहतात. साइट बंद पडत नाही.

[दृश्य: पुन्हा कढई. आवाज फक्त तेलाचा.]

पुढचा घाणा.