पहिलं वाक्य नंतर लिहू

मागं उभे असलेले पोट्टे पुढं या बाप्पा, खुर्च्या रिकाम्या आहेत. अन् ताई, तो फॅन एक नंबरवर करा, माझा आवाज मलाच ऐकू येऊन नाही राहिला. हां, आता ठीक.

तर लिहायला सांगितलं की डोकं बंद काऊन पडते, यावर आज बोलायचं आहे. कवी लोकांचं सोडून द्या, त्यांना सुचलं नाही तर ते फिरायला जातात, कोणी हिशोब मागत नाही. इथं बसलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. कोणाला बी.ए.चा पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचा आहे, कोणाचे बी.एड.चे पाठ टाचण राहिले, कोणी एमपीएससी करून राहिलं, अन् बचत गटाच्या सचिव ताई आल्या आहेत त्यांना दर मिटिंगचं प्रोसिडिंग लिहावं लागते. विषय दुसऱ्यानं दिला, तारीख दुसऱ्यानं दिली, मार्क देणारा तिसराच. असं काम आलं की पोट्टा वही उघडते, समास पाडते, लाल पेननं विषयाचं नाव टाकून खाली दोन रेघा मारते, अन् मंग मोबाईल पाहत बसते.

हसले म्हणजे घरोघरी हेच आहे.

मायबाप म्हणतात आळशी आहे. असते थोडा आळशीपणा, मी नाही कुठं म्हणतो. पण तोच पोट्टा संध्याकाळी पानठेल्यावर कापसाचे भाव काऊन पडले यावर तासभर बोलते, सीसीआयची म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची खरेदी, व्यापाऱ्याची कटती, आयात, सगळं त्याच्या तोंडी आहे, अन् त्यालाच "भारतीय शेतीच्या समस्या" यावर पाचशे शब्द लिहायला सांगितले की म्हणते सर काही सुचूनच नाही राहिलं. म्हणजे माल तर घरात भरून आहे ना! मग अडलं कुठं? तर माझं मत असं की तो अडते पहिल्या वाक्याशी, कारण ते वाक्य त्याला एकाच फटक्यात खरं पाहिजे, शुद्ध पाहिजे, पुस्तकातल्या भाषेत पाहिजे अन् वरून भारीही पाहिजे. एवढं सगळं एका वाक्यावर लादलं तर ते बिचारं उठणार कसं. मग शेवटी काय निघते? "आजच्या धावपळीच्या युगात." आमच्याकडं तपासायला आलेला गठ्ठा उघडला की निम्मे जण त्या धावपळीच्या युगात असतात, अन् उरलेल्यांचा भारत कृषिप्रधान देश असते. आता धावपळ कुठं आहे हो आपल्या गावात, एसटी गेली की दुसरी येईपर्यंत माणूस फाट्यावर झोप काढते.

या अडण्याला इंग्रजीत रायटर्स ब्लॉक म्हणतात. हे नाव चालू केलं एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकानं 1947 मध्ये, मूळचा ऑस्ट्रियाचा माणूस, पुढं अमेरिकेत गेला. त्यानं याचं मूळ पार लहानपणात, आईच्या दुधापर्यंत नेऊन ठेवलं. मला ते काही पटत नाही, अन् पटलं तरी गुरुवारी फाईल द्यायची असलेल्या पोरीला त्याचा काय उपयोग? माझ्या कामाचा माणूस दुसरा आहे, माईक रोज. तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोरांना लिहायला शिकवत होता, अन् 1980 मध्ये त्याचा एक लेख आला. त्यानं दहा विद्यार्थी घेतले, पाच अडणारे अन् पाच न अडणारे, अन् तुम्ही लिहिता तरी कसं असं त्यांना बसवून विचारलं. अडणाऱ्यांमध्ये ढ कोणी नव्हतं, हे ध्यानात ठेवा. उलट त्यांच्या डोक्यात नियम लय पक्के होते. एकीला वाटे प्रत्येक वाक्य पहिल्याच वेळी व्याकरणात बरोबर पाहिजे, त्याशिवाय पुढं जायचं नाही. दुसरीला वाटे सुरुवातीलाच वाचणाऱ्याला पकडलं पाहिजे, म्हणून ती सुरुवातच लिहीत बसे. अन् एक होती ती लिहिण्याआधी एवढा गुंतागुंतीचा आराखडा काढे, त्यात दिवस जात, की खरं लिहायला हातात काही तासच उरत. न अडणाऱ्या पाच जणांकडंही नियम होतेच, पण ते सैल होते, कामाला आला तर वापरला, नाही तर दिला सोडून.

आपले नियम पहा आता. पानाची सुरुवात व्याख्येनं झाली पाहिजे, हा एक. मुद्दे पाचच पाहिजेत, चार झाले तर मार्क कापतात. अन् सगळ्यात मोठा म्हणजे आपली बोली कागदावर दिसली नाही पाहिजे. "मी जाऊन राहिलो" लिहिलं की लाल गोल. पाचव्या वर्गापासून पोरानं हे गोल पाहिले, आता तो लिहिण्याआधीच मनातल्या मनात गोल मारते. बोलतो वऱ्हाडीत, विचारही वऱ्हाडीतच करतो, अन् पेन उचलला की डोक्यातल्या डोक्यात भाषांतर चालू, तेही अशा भाषेत जी घरी कोणी बोलतच नाही. माणसाचं डोकं एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकते. शुद्धलेखन, शब्दाची निवड, सरांचा चेहरा, एवढं धरलं की मुद्दा हातातून सुटतेच.

एक प्रसंग सांगतो, त्या पोरीचं नाव नाही सांगत. पर्यावरणाचा प्रकल्प होता. (हा विषय सगळ्यांना सक्तीचा झाला त्याच्या मागं वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरचा 1991 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, शिव्या कॉलेजला देऊ नका.) तिचा विषय "कीटकनाशकांचे दुष्परिणाम". फाईल आणली, प्लास्टिक कव्हर, रंगीत फोटो, आतला मजकूर झेरॉक्सच्या दुकानात मिळते तो, मानव अन् निसर्ग यांचे अतूट नाते वगैरे. मी म्हटलं हे राहू दे, तुमच्या घरी फवारणी कोण करते? बाबा, म्हणे. मंग ती बोलायला लागली. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, बाबांच्या डोक्यावर गेली होती, पंप मारला की सगळं तोंडावरच येत होतं, बोंडअळीच्या भीतीनं दुकानदारानं दोन-तीन औषधं मिसळून मारायला सांगितली होती, बाबा घरी आले की आई आधी अंगावर पाणी घ्यायला लावे, डोळ्यांची आग होत होती अन् जेवण जात नव्हतं. ती सांगत होती ते साल 2017. तुम्हा सगळ्यांना ते आठवते. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले त्या वर्षी. उंच वाढलेली पऱ्हाटी, दाट पीक, तोंडाला फार तर दुपट्टा, मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधं, अन् अळी लागू नये म्हणून आणलेल्या बीटी बियाण्याला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, हे सगळं त्या पोरीनं अंगणात उभं राहून पाहिलं होतं. अन् फाईलमध्ये त्यातलं एक अक्षर नाही! मी विचारलं काऊन नाही लिहिलं, तर म्हणे सर, हे थोडी लिहायचं असते, ही तर घरची गोष्ट आहे.

मी तिला म्हटलं, आता बोललीस तसंच्या तसं उतरवून आण. "आणलं", "मारलं", "बाबाले" काही बदलू नको. आणलं तिनं. मंग दोघं बसलो, वाक्यं सरळ केली, औषधांची नावं डब्ब्यावरून पाहून लिहिली, कोणतं कशासाठी असते ते कृषी सहायकाला विचारलं, अन् त्यातून कारणं वेगळी निघाली, परिणाम वेगळे निघाले. मुद्दे किती झाले कोणी मोजले नाहीत. दुष्परिणाम या शब्दाखाली जे यायला पाहिजे होतं ते सगळं त्यात होतं.

ही काही माझी नवी अक्कल नाही. मोर्शीच्या बाजूला रिद्धपूर आहे, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटानं महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या, मराठी गद्याची सुरुवात आपण तिथूनच धरतो. म्हाइंभट होता संस्कृतचा पंडित, त्याला भारी सुरुवात करता आली नसती काय? पण तो गेला कोणाकडं, तर स्वामींच्या सोबत राहिलेल्या माणसांकडं, बायांकडं, अन् ते जसं सांगत तसं लिहीत गेला. म्हणून ती वाक्यं लहान लहान आहेत, कोणी समोर बसून सांगून राहिलं असं वाटते. त्याच पंथाचे आचार्य नागदेव, त्यांना एका पंडित शिष्यानं संस्कृतात प्रश्न केला तर म्हणाले तुमचं ते संस्कृत मला समजत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितलं, तेच विचारा. साडेसातशे वर्षं होत आली या गोष्टीला, अन् आपण अजून प्रोसिडिंगमध्ये "सदरहू विषयान्वये सांगोपांग चर्चा होऊन" लिहितो अन् चर्चा काय झाली ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

आता करायचं कसं. कच्ची वही वेगळी ठेवा, जुनी उरलेली पानं असली तरी चालते, तिच्यात चांगलं लिहायला बंदी. शिव्यासुद्धा चालतील. पहिलं वाक्य सुचत नाही तर ते लिहूच नका, मधूनच सुरू करा, जे ठावकं आहे तिथून, वरची ओळ रिकामी सोडा, ती शेवटी लिहू. हात चालत नसला तर मोबाईलवर मैत्रिणीला व्हॉइस मेसेज करा की बाई मला असा असा विषय दिला अन् मला यातलं एवढंच समजते, अन् मंग तोच ऐकून लिहा. व्हॉइस टायपिंगही मराठीत चालते, वऱ्हाडी बोललं की काहीच्या काही टाईप करते, पण कच्च्याला काय फरक पडते. सोयाबीन सोंगतानाच कोणी सूप घेऊन उपणत बसते काय वावरात? सोंगून ढीग लावा आधी. शुद्धलेखन, क्रम, व्याख्या हे सगळं ढिगावर करायचं काम आहे, अन् ते मी हलकं समजत नाही, पक्कं करताना रगडून करा, चार वेळा खोडा, तिथं आळस केला तर मार्क जातील अन् ते बरोबरच आहे.

मूड यायची वाट पाहणाऱ्यांसाठी एक सांगतो. रॉबर्ट बॉइस म्हणून अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं लिहिताना अडणाऱ्या प्राध्यापकांचे तीन गट केले, 1983 चा अभ्यास आहे. एका गटाला सांगितलं फार तातडीचं सोडून काही लिहूच नका, दुसऱ्याला म्हटलं मनात आलं तर लिहा, तिसऱ्याला ठरलेल्या वेळी लिहायची सक्ती, नाही लिहिलं तर स्वतःला न आवडणाऱ्या संस्थेला चेक द्यायचा. म्हणजे पहा दंड कसा शोधून काढला! सक्तीवाल्यांची पानं मनात आलं तर लिहिणाऱ्यांच्या साडेतीन पट भरली, ते एक वेळ सोडा, सक्तीनं कोणीही पानं भरेल. पण नवीन कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या, साधारण रोज एक, अन् मूडवाल्यांना दोन दिवसातून एक. आपल्याकडं पोरींना घरी निवांत दोन तास मिळतच नाहीत, स्वयंपाक आहे, पाणी भरायचं आहे, लहान भाऊ आहे, लाईनचा भरवसा नाही. त्या पोरींना मी म्हणतो दोन तासांची वाट पाहू नका, चहा झाल्यावरची वीस मिनिटं धरा अन् ती सोडू नका.

एमपीएससीवाल्यांसाठी हे आता हौसेचं राहिलं नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे उत्तर स्वतः लिहायचं, नऊ पेपर, निबंधाचा एकटा पेपर 250 मार्कांचा. हा बदल 2023 पासूनच होणार होता, पोरांनी पुण्यात आंदोलन केलं अन् पुढं ढकलला गेला. त्यांचा राग मला समजते, वर्षानुवर्षं चार पर्यायांतला एक गोल काळा करायची सवय केली अन् अचानक म्हणतात स्वतःचं वाक्य लिहा. पण इतकी वर्षं वाचलेलं आहे ना पोटात, राज्यघटना पाठ, नद्या पाठ. त्यांनी आजपासून रोज एका प्रश्नाचं कच्चं उत्तर लिहावं, घड्याळ लावून, अन् दुसऱ्या दिवशीच वाचावं. त्याच दिवशी वाचलं की फाडावं वाटते.

मोबाईललाच लिहून माग म्हणणारे इथं आहेत, खाली मान घालू नका. मागा. तोही तुम्हाला आजच्या धावपळीच्या युगातच नेते, एवढंच सांगतो.

मागून ताईंनी विचारलं की सर, उद्याच द्यायचं असलं तर? हा खरा प्रश्न आहे. उद्याच द्यायचं असलं तर आता घरी जा, जेवा, जेवताना कोणालातरी विषय सांगा, सासूला सांगा, सासू विचारेल "म्हणजे काय?" तिला जे उत्तर द्याल ते आधी लिहा, मग दहा वाजेपर्यंत कच्चं ओढा, मध्ये खोडू नका, अन् सकाळी लवकर उठून पक्कं उतरवा. झेरॉक्सचं दुकान दहाला उघडते, कव्हर तेव्हा लावू.