स्ट्रॉ सोडल्याने नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय स्ट्रॉबद्दल, हो तीच प्लॅस्टिकची नळी, पाच मिनिटं वापरायची नि फेकून द्यायची. २०१५ मध्ये कोस्टा रिकाजवळच्या समुद्रात संशोधकांनी एका कासवाच्या नाकातून स्ट्रॉ उपसून काढला, तो व्हिडिओ जगभर फिरला आणि मग सगळे हात धुऊन स्ट्रॉच्या मागे लागले.

आता हिशोब बघू. समुद्रात दरवर्षी साधारण ८० लाख टन प्लॅस्टिक जातं असा अंदाज आहे, त्यात स्ट्रॉचं वजन एक टक्कासुद्धा भरत नाही. मग एवढा आरडाओरडा कशाला? तर वजनावर जाऊ नका, हा प्रकार इतका हलका नि बारीक असतो की रिसायकलिंगच्या मशीनमध्ये वेगळा निघतच नाही, फटीतून पडतो, वाऱ्याने उडतो, नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात, म्हणून किनारे साफ करणाऱ्यांना तो हमखास सापडतो.

बरं, कागदी घ्यावा तर अर्ध्यातच लगदा होतो, शिवाय २०२३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना बहुतेक कागदी ब्रँडमध्ये पीएफएएस नावाची, वर्षानुवर्षं न संपणारी केमिकल्स सापडली, प्रमाण अगदी कमी असलं तरी. मक्यापासूनचा 'बायो' स्ट्रॉ कुजायला ६० डिग्रीच्या आसपासची उष्णता लागते, ती समुद्रात कुठून येणार? आणि गंमत म्हणजे स्ट्रॉ कागदी, पण ग्लास नि झाकण प्लॅस्टिकचंच!

पण एक बाजू आपण सहज विसरतो. वाकणारा स्ट्रॉ १९४७ मध्ये विकायला आला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हॉस्पिटल होतं, कारण झोपून असलेल्या पेशंटला ग्लास तोंडाला लावता येत नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांना कागदी स्ट्रॉ भिजला की ठसका लागायची भीती, स्टीलचा दाताला किंवा हिरडीला लागतो, वाकतही नाही. इंग्लंडने २०२० मध्ये बंदी आणली तेव्हा अशा लोकांसाठी सूट ठेवली, हे मला पटतं.

त्यामुळे माझं म्हणाल तर बाकीच्यांनी पर्याय शोधत बसूच नये, सरळ ग्लास तोंडाला लावावा, ना खर्च ना कचरा. आणि हॉटेलवाल्यांनी स्ट्रॉ आपणहून द्यायचा नाही, कुणी मागितला तर मात्र मुकाट्याने द्यायचा, कशाला हवाय हे विचारायचं नाही.