घरी बांधलेला गिअरबॉक्स : तिसऱ्या गिअरच्या दोषाचा शोध

गिअरबॉक्स बांधून झाला, गाडी शेडबाहेर आली, पहिला आणि दुसरा गिअर नीट पडला. पण साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना तिसरा गिअर पडायची वेळ आली, तेव्हा इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग मात्र होता तिथेच राहिला. शाहूपुरीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम मामा-भाच्यांनी मिळून केले आहे. मामांचे आयुष्य एमआयडीसीत लेथवर गेले, भाचा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. आज आपण पाहणार आहोत ते त्यांनी दोष कसा शोधला ते.

ही चार गिअरची, जुन्या बनावटीची ऑटोमॅटिक गाडी आहे. गिअर कधी बदलायचा हे तिच्यात संगणक ठरवत नाही. ऑइलचा दाब आणि अॅक्सिलरेटरपासून आलेली एक केबल ठरवते. आतली दातेरी चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांपैकी कोणते फिरू द्यायचे आणि कोणते रोखायचे, हे क्लच आणि ब्रेक यांच्या प्लेटा ठरवतात आणि त्या प्लेटा आवळल्या जातात ऑइलच्या दाबाने सरकणाऱ्या पिस्टनमुळे. म्हणून गिअर घसरतो तेव्हा पहिला संशय दातांवर घ्यायचा नसतो. कुठेतरी दाब पोहोचत नसतो किंवा वाटेत गळत असतो.

टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असा गिअरबॉक्स 70 किलोच्या आसपास भरतो आणि तो घरच्या जॅकवर उतरवणे हे जिकिरीचे, प्रसंगी धोक्याचे काम आहे. शिवाय कारण न शोधता उतरवलेला गिअरबॉक्स पुष्कळदा त्याच दोषासह पुन्हा चढवला जातो. त्यामुळे गाडीखाली न शिरता जे तपासता येते, ते आधी संपवावे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात ऑइलपासून. बांधणीनंतर कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्या रिकाम्या असतात, म्हणून आधी थोडे ऑइल ओतून इंजिन चालू करावे लागते आणि ते जसजसे आत ओढले जाईल, तसतशी भर घालावी लागते. अशा बहुतेक गाड्यांत पातळी पाहायची ती सपाट जागेवर, ऑइल तापलेले असताना, इंजिन चालू ठेवून आणि लीव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून. ऑइल कमी पडले तर पंप हवा ओढतो. जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळून त्याचा फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही, त्यामुळे दोन्ही चुकांचे लक्षण एकच, घसरणारा गिअर. इथे डिपस्टिकवर ऑइल लालभडक, स्वच्छ आणि खुणेवर होते. जळका वासही नव्हता.

केबलचा ताणही बरोबर निघाला. ती सैल राहिली तर अॅक्सिलरेटर दाबूनही ऑइलचा दाब वाढत नाही आणि नव्या क्लच प्लेटा काही दिवसांत जळतात. गिअरबॉक्स चढवल्यावर ही केबल न जुळवता गाडी रस्त्यावर नेणे म्हणजे नवे काम स्वतःच्या हाताने बिघडवणे होय.

पडद्यावर दिसते आहे ते दाबाचे मीटर. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटा बोल्ट असतो, तो काढून तिथे हे मीटर लावतात. लीव्हर ‘आर’मध्ये, म्हणजे मागच्या गिअरला, असताना दाब ‘डी’पेक्षा, म्हणजे पुढे जाण्याच्या जागेपेक्षा, बराच जास्त असावा लागतो, कारण मागे जाताना क्लच आणि ब्रेकवर जास्त ताकद येते. दोन्ही आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत आले, म्हणजे पंप आणि मुख्य दाब निर्दोष ठरले. ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर देण्याची स्टॉल चाचणीही असते. पाच सेकंदांच्या आत संपवली तरी तिच्यात ऑइल भराभर तापते. घसरत असलेल्या नव्या प्लेटांवर ती करू नये, असे मला वाटते, आणि मामांनीही ती केली नाही.

इथून पुढचा तपास कागदावर झाला. प्रत्येक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणता क्लच आणि कोणता ब्रेक धरलेला असतो, याचा तक्ता असतो. गाडी अंगणात मागे घेताना भाच्याच्या लक्षात आले होते, “मामा, आरमध्ये पण जरा उशिराच धरतेय बघा.” तक्त्यात तिसऱ्या आणि मागच्या गिअरच्या ओळी एकमेकींखाली धरल्या, तेव्हा दोन्हींत सामाईक असा एकच भाग निघाला, तो म्हणजे डायरेक्ट क्लच. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला त्याचे काही काम नसते.

तरीही एक शंका उरत होती. मागच्या गिअरला डायरेक्ट क्लचच्या जोडीला आणखी एक ब्रेक लागतो आणि उशीर त्याच्यामुळेही होऊ शकतो. याच गिअरबॉक्सच्या तक्त्यानुसार तो ब्रेक ‘एल’मध्येही (लीव्हरची सर्वांत खालच्या गिअरची जागा) धरला जातो, एवढेच नव्हे, तर उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जे मागे ओढते, ते त्याच्यामुळेच. त्यासाठी यवतेश्वरच्या घाटासारखी जागा नाही. मामांनी वरून सावकाश उतरताना लीव्हर ‘एल’वर घेतला, पाय उचलला आणि गाडी तत्काळ आवरली गेली. ब्रेक शाबूत होता. आता संशयित एकच उरला.

अखेरची खात्री हवेने झाली. गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन चेंबर (ऑइलचे तळभांडे) आणि वॉल्व्ह बॉडी (ऑइल कोणत्या क्लचकडे जायचे ते ठरवणारा भाग) खालून उतरवली. चेंबरमधल्या लोहचुंबकावर पातळ करडा लेप होता; नव्या प्लेटा बसताना तेवढा होतोच, धातूचे तुकडे नव्हते. मग प्रत्येक क्लचच्या ऑइलवाटेत कॉम्प्रेसरची हवा साधारण 40 पीएसआय दाबाने सोडली. चांगला क्लच ‘ठप्प’ असा आवाज करून धरतो. बाकीच्यांनी तो केला. डायरेक्ट क्लचच्या वाटेतून आधी मंद आवाज आला आणि त्यामागून सुस्स करत हवा सुटत राहिली.

गिअरबॉक्स उतरवायला आता कारण होते. क्लचच्या ड्रममधून, म्हणजे प्लेटा आणि पिस्टन ज्यात बसतात त्या डब्यातून, पिस्टन बाहेर आला, तेव्हा त्याच्या बाहेरच्या रबरी सीलची ओठासारखी पातळ कड एका जागी, नखाएवढ्या रुंदीत, उलटी दुमडलेली दिसली. ही कड दाबाच्या दिशेने तोंड करून बसावी लागते, म्हणजे ऑइल तिला भिंतीवर दाबते आणि वाट बंद होते. दुमडलेल्या जागेतून ऑइल निसटत होते. थंड ऑइल घट्ट असल्याने गाव फिरताना फरक जाणवत नव्हता. घाटात ते तापून पातळ झाले, गळती वाढली आणि प्लेटा पुरेशा आवळल्या जाईनात.

नवे सील लावताना पिस्टन दाबून बसवलेला नाही. सील आणि ड्रम दोन्ही ऑइलने ओले करून, बोथट पातळ पट्टीने कड चहूबाजूंनी आत घेत, पिस्टन हलकेच फिरवत खाली नेला आहे. घसरताना प्लेटा थोड्या काळवंडल्या होत्या, म्हणून त्याही बदलल्या, नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवल्या आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लेटांच्या पॅकमधली फट मोजली. हवेची चाचणी या वेळी गिअरबॉक्स टेबलावर असतानाच घेतली. डायरेक्ट क्लचने ‘ठप्प’ आवाज दिला आणि हवा थांबली. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला की नाही, हे बोल्ट आवळण्याआधी पट्टीने तपासले, कारण तो अर्धवट बसला असेल तर बोल्ट आवळतानाच पंप फुटतो. गाडी पुन्हा यवतेश्वर चढली, तेव्हा ऑइल पूर्ण तापल्यावरही तिसरा गिअर एका दमात पडला. काहीशे किलोमीटरनंतर चेंबर पुन्हा उघडून लोहचुंबक पाहायचा आणि ऑइल बदलायचे, एवढे काम आता बाकी आहे.