पिवळी गॅलरी, रिकामे कपाट : केरला ब्लास्टर्सचा चाहता नेमका कशावर चिडला आहे?

नमस्कार. आजची गोष्ट केरळमधल्या एका फुटबॉल संघाची असली, तरी ती सुरू होते आपल्या नेरूळला. २० डिसेंबर २०१४ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, पहिल्या हंगामाचा अंतिम सामना होता. एका बाजूला अ‍ॅटलेटिको डी कोलकाता, ज्याच्या मालकांमध्ये सौरव गांगुली होते. दुसऱ्या बाजूला केरला ब्लास्टर्स, ज्याच्या मालकांमध्ये सचिन तेंडुलकर होते आणि ज्याचे नावच मुळी त्यांच्या ‘मास्टर ब्लास्टर’ या बिरुदावरून पडले होते. सचिनने वानखेडेवर निरोप घेतल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि माझ्यासारख्या अनेक मराठी प्रेक्षकांनी, मुंबईचा स्वतःचा संघ याच लीगमध्ये असूनही, सचिनच्या मागोमाग जाऊन पिवळा रंग आपला मानला होता. नव्वद मिनिटे गोलाविना सरली, आता अतिरिक्त वेळ खेळावी लागणार असे सगळे धरून बसले, आणि तेवढ्यात भरपाई वेळेत कोलकात्याच्या महंमद रफीकने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. सचिनने २०१८ मध्ये आपला हिस्सा विकून टाकला. त्याच्यामागून आलेले आम्ही मात्र तिथेच राहिलो.

२०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा या संघाचे अकरा हंगाम पुरे झाले होते. तीन वेळा अंतिम फेरी, तिन्ही वेळा पराभव. साखळीत अव्वल राहणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड नाही, देशातल्या इतर स्पर्धांमधला सुपर कप नाही, ड्युरँड कप नाही. मधल्या काळात २०१५ मध्ये आठ संघांत शेवटचा क्रमांक, २०१८-१९ मध्ये दहा संघांत नववा आणि २०२०-२१ मध्ये अकरा संघांत दहावा. नुसते आकडे पाहिले तर हा एक सामान्य, दुबळा संघ आहे असे कुणीही म्हणेल आणि पुढचा व्हिडिओ लावेल. तसे नाही, म्हणूनच हा विषय आज घेतला आहे. दुबळ्या संघाचा चाहता काही वर्षांनी अपेक्षाच सोडून देतो. ब्लास्टर्सच्या चाहत्याला अपेक्षा सोडण्याइतका निवांतपणा या संघाने कधी मिळू दिलेला नाही.

दुसऱ्या अंतिम सामन्याचेच पाहा. १८ डिसेंबर २०१६, या वेळी मैदान घरचे, कोचीतील कलूरचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, आणि समोर पुन्हा कोलकाता. केरळच्या महंमद रफीने (आधीचा रफीक नव्हे, हा वेगळा) हेडरवर गोल करून केरळला आघाडी मिळवून दिली, मध्यंतरापूर्वीच कोलकात्याने बरोबरी साधली आणि सामना पेनल्टींवर गेला. येथे नियतीने जो खेळ मांडला तो कथेत लिहिला असता तर संपादकाने खोडून टाकला असता. २०१४ मध्ये केरळच्या तोंडचा घास काढणारा रफीक आता केरळच्या पिवळ्या जर्सीत होता आणि त्याने आपली पेनल्टी चोख मारली. उलट पहिल्या हंगामात केरळने ज्याला ‘ह्यूमेट्टन’, म्हणजे ह्यूमदादा, म्हणून डोक्यावर घेतले होते तो कॅनडाचा इयन ह्यूम कोलकात्याकडून पेनल्टी घेण्यास आला, आणि त्याची पेनल्टी केरळच्या गोलरक्षकाने अडवली. स्टेडियम दणाणून गेले. एवढे अनुकूल दान पडूनही केरळने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सामना ४-३ असा गमावला.

तिसरा अंतिम सामना गोव्यात झाला. २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम कोविडमुळे गोव्यात, बंद दाराआड खेळवला गेला होता, परंतु २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्यासाठी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचे दरवाजे प्रेक्षकांना उघडले गेले, आणि केरळहून चाहत्यांचा लोंढा कोकण रेल्वेने, बसने, दुचाकीने गोव्यात उतरला. तो हंगामही तसाच होता. इव्हान वुकोमानोविच या सर्बियन प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने पहिला सामना हरल्यानंतर सलग दहा सामन्यांत पराभव पाहिला नव्हता. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी हैदराबादचा रंगही पिवळाच असल्याने आणि यजमानपदाचा मान कागदोपत्री त्यांच्याकडे गेल्याने केरळच्या खेळाडूंना काळ्या जर्सीत उतरावे लागले. म्हणजे गॅलरी पिवळी, आणि मैदानावर पिवळे होते ते विरोधक. राहुल के. पी.ने ६८व्या मिनिटाला गोल केला. ८८व्या मिनिटाला साहिल ताव्होरा या गोमंतकीय खेळाडूने लांबून मारलेल्या फटक्यावर बरोबरी साधली. पुढे पेनल्टींवर हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच, भिंतीसारखा उभा राहिला, आणि निर्णायक पेनल्टी मारली हालीचरण नार्झारीने, जो त्यापूर्वी दोन हंगाम ब्लास्टर्सकडून खेळलेला होता. जाता जाता पुणेकरांसाठी एक गोष्ट सांगतो : हैदराबादचा हा संघ २०१९ मध्ये लीगमध्ये आला तो एफसी पुणे सिटी बंद पडल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर. पुण्याच्या चाहत्याला चिडायलाही संघ उरलेला नाही, हे ब्लास्टर्सच्या दुःखाची मोजदाद करताना मी नेहमी ध्यानात ठेवतो.

आता कुणी म्हणेल, केरळमध्ये फुटबॉलचे वेड आहे, पण जिंकण्याचे कसब नाही. हा युक्तिवाद त्याच वर्षी निकालात निघाला. फातोर्ड्याच्या पराभवाला दीड महिना होतो न होतो तोच, २ मे २०२२ रोजी, केरळच्या राज्य संघाने मलप्पुरम जिल्ह्यातील मंजेरी येथे बंगालला हरवून संतोष करंडक जिंकला, आणि तोही पेनल्टींवर. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कोळिकोडच्या गोकुलम केरला संघाने सलग दुसऱ्यांदा आय-लीगचे, म्हणजे आयएसएलखालच्या राष्ट्रीय लीगचे, विजेतेपद मिळवले. गोकुलमला ब्लास्टर्सच्या तुलनेत ना तेवढी गर्दी, ना तेवढा पैसा, ना तेवढी प्रसिद्धी. म्हणजे माती तीच, मुलेही त्याच गल्ल्यांतली आणि सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलच्या, त्याच मैदानांवर वाढलेली. कपाट रिकामे राहिले ते एकाच घराचे.

माझ्या मते चाहत्याच्या चिडीचे खरे कारण इथे सापडते. ब्लास्टर्सकडे पहिल्या दिवसापासून अशी एक गोष्ट होती जी इतर संघांना करंडक जिंकूनही मिळत नव्हती, ती म्हणजे प्रेक्षक. ‘मंजप्पडा’, म्हणजे पिवळी सेना, या चाहत्यांच्या संघटनेने कलूरच्या पूर्व गॅलरीला जे रूप दिले ते पाहण्यासाठी इतर शहरांतले लोक सामना लावत असत. प्रायोजक गर्दी पाहून येतात, प्रक्षेपण करणाऱ्यांना गर्दी दाखवायला आवडते, आणि सामाजिक माध्यमांवर अनुयायांच्या संख्येत हा संघ देशातील बहुतेक क्लबांच्या पुढे राहिला. जो माल न जिंकताही खपतो त्याची प्रत सुधारण्याची घाई दुकानदाराला कशाला असेल, असा प्रश्न चाहता विचारतो. त्यात आयएसएल ही फ्रँचायझींची लीग; या अकरा हंगामांत तळाला राहिलेल्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नसे. इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत वाईट खेळणाऱ्या संघाच्या मालकाला निदान ती धास्ती तरी असते. इथे दहावा क्रमांक आला तरी पुढच्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच लीगमध्ये, त्याच पिवळ्या गॅलरीसमोर नवा हंगाम सुरू होत असे.

व्यवस्थापनाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवणे हा तोट्याचा धंदा आहे. चांगल्या खेळाडूला मागणी आली की त्याला विकून खर्चाची तोंडमिळवणी करणे हा जगभरच्या क्लबांचा रिवाज आहे, आणि करार संपत आलेल्या खेळाडूला फुकट घालवण्यापेक्षा वेळेत विकणे हा शहाणपणा ठरतो. हे सगळे मान्य. पण विकल्यानंतर त्या जागी काय आणले, हा प्रश्न उरतोच. सहल अब्दुल समद हा केरळचाच, लाडका मध्यरक्षक २०२३ मध्ये मोहन बागानकडे गेला. २०२४ मध्ये जिक्सन सिंग ईस्ट बंगालकडे गेला, आणि आयएसएलच्या २०२३-२४ च्या हंगामात सर्वाधिक, म्हणजे १३ गोल करणारा ग्रीक आघाडीवीर दिमित्रिओस दियामान्ताकोस करार संपताच त्याच क्लबची वाट धरता झाला. प्रशिक्षकांचे तर विचारूच नका. जेम्स, टेलर, कॉपेल, म्युलेनस्टीन, पुन्हा जेम्स, विन्गादा, स्खाटोरी, विकुन्या, अशी ही यादी आहे, आणि प्रत्येक जण आपली वेगळी पद्धत घेऊन आला. त्या पद्धतीला साजेसे खेळाडू जमेपर्यंत त्याचा निरोप समारंभ आलेला असे.

अपवाद वुकोमानोविच. तीन हंगाम टिकलेला हा पहिलाच प्रशिक्षक, आणि तिन्ही वेळा त्याने संघाला बाद फेरीपर्यंत नेले. चाहत्यांच्या संतापाचे जणू दर्शनच घडवणारा प्रसंगही त्याच्याच काळातला. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर बाद फेरीच्या सामन्यात, अतिरिक्त वेळेत, केरळचे खेळाडू भिंत उभी करण्यात गुंतलेले असताना बंगळूर एफसीच्या सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न पाहता फ्री किक थेट जाळ्यात मारली आणि पंचांनी गोल दिला. वुकोमानोविचने हात हलवून आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावले आणि संघ परतलाच नाही. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. नियमाच्या दृष्टीने ते वागणे चुकीचेच होते, आणि झटपट फ्री किक घेणे हा छेत्रीचा हक्क होता असे मला आजही वाटते. तरीही चाहत्यांनी त्या प्रशिक्षकाला उचलून धरले, कारण इतक्या वर्षांत क्लबच्या वतीने कुणीतरी आपल्याइतकेच चिडलेले त्यांनी प्रथमच पाहिले होते.

पुढचा हंगाम, २०२३-२४, आणखी जिव्हारी लागणारा. डिसेंबरच्या अखेरीस कोलकात्यात मोहन बागानला १-० असे हरवून संघ गुणतक्त्यात पहिल्या स्थानावर पोहोचला होता. कर्णधार आद्रियान लुना मात्र त्याआधीच जायबंदी होऊन बसला होता, त्याच्यामागून आणखी काही जण गेले, आणि सुट्टीनंतर परतलेला संघ घसरत घसरत पाचव्या स्थानावर आला. भुवनेश्वरच्या बाद सामन्यात ओडिशाविरुद्ध तो पुन्हा आघाडीवर होता. ८७व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि अतिरिक्त वेळेत सामना २-१ असा निसटला. २०१४ मधली भरपाई वेळ, २०२२ मधले ८८वे मिनिट, २०२४ मधले ८७वे. या संघाच्या चाहत्याला ऐंशी मिनिटांनंतर एक गोलाची आघाडी असली की आनंद होत नाही, धडधड सुरू होते. आठवडाभरात वुकोमानोविचही गेला.

त्याच्या जागी आलेल्या स्वीडिश मिकाएल स्तारे यांच्या संघाने बारा सामन्यांत तीन विजय मिळवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, बंगळूरकडून ४-२ असा मार खाल्ल्यानंतर, मंजप्पडाने जे जाहीर केले ते भारतीय फुटबॉलमध्ये क्वचितच घडले असेल. खेळाडूंना पाठिंबा राहील, परंतु व्यवस्थापनाचा निषेध म्हणून यापुढे तिकीटविक्रीत आपण सहभागी होणार नाही, असे त्यांनी सांगितले. थोडक्यात, जी गर्दी क्लबने हक्काची धरली होती तिनेच हात आखडता घेतला. काही दिवसांतच स्तारे यांना काढून टाकण्यात आले. चाहत्यांना हवे होते ते एवढेच नव्हते. त्यांचे बोट प्रशिक्षकाकडे नव्हतेच, ते मालकांच्या दालनाकडे होते. प्रशिक्षक बदलला, गॅलरीत रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या, टी. जी. पुरुषोत्तमन यांनी हंगामी म्हणून धुरा सांभाळली आणि संघ आठवा आला.

शेजारच्या गोव्याकडे पाहिले की हा फरक अधिक ठळक दिसतो. एफसी गोवानेही आयएसएलचे दोन अंतिम सामने गमावले, त्यांपैकी २०१५ चा तर घरच्या फातोर्ड्यात, शेवटच्या काही मिनिटांत आघाडी घालवून. परंतु त्यांनी २०१९ मध्ये सुपर कप, २०१९-२० मध्ये लीग शील्ड आणि २०२१ मध्ये ड्युरँड कप मिळवला. गोव्याचा चाहता हळहळतो, चिडतोही, पण त्याच्या चिडीला अधूनमधून उतारा मिळतो. मुंबई सिटीचे तर बोलायलाच नको; मला ज्या संघाचा चाहता व्हायला भूगोलाने सांगितले होते त्याने दोनदा शील्ड आणि दोनदा करंडक उचललेला मी बाजूला उभा राहून पाहिला आहे, आणि घरातले लोक ते मला विसरू देत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये डेव्हिड कताला हे नवे प्रशिक्षक नेमले गेले आणि एप्रिलमध्ये भुवनेश्वरला सुपर कप सुरू झाला. पहिल्याच सामन्यात ब्लास्टर्सने गतविजेत्या ईस्ट बंगालला २-० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती मोहन बागानशी, आणि बागानने या स्पर्धेसाठी आपले बहुतेक प्रमुख खेळाडू विश्रांतीला ठेवून दुय्यम फळी पाठवली होती. आमच्या गटात मेसेज फिरू लागले, या वेळी वाट मोकळी आहे म्हणून. २२व्या मिनिटाला बागानने पहिला गोल केला, आणि तो करणारा होता सहल अब्दुल समद.