विहिरीतली भरती

नमस्कार, श्रोतेहो.

लक्षद्वीप म्हटलं की शाळेतला नकाशा आठवतो. केरळच्या डाव्या अंगाला, निळ्या रंगात, पाच-दहा ठिपके. ते ठिपकेसुद्धा मोठे करून काढलेले असतात, कारण प्रमाणात काढले तर दिसणारच नाहीत. आज मला त्या ठिपक्यांबद्दल बोलायचंय, पण सहलीच्या अंगाने नाही. तिथे नळ टाकायचा, सांडपाण्याची सोय करायची, धक्का बांधायचा, तर आखणी करणाऱ्याच्या हाती आधी कोणती माहिती हवी, हा आजचा विषय. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्यामुळे बोलणं फिरून फिरून पाण्यावर येईल, ते सांभाळून घ्या.

आधी आकडे. थोडेच सांगतो, सावकाश सांगतो.

लक्षद्वीप हा केंद्रशासित प्रदेश आणि सगळा प्रदेश मिळून जिल्हा एकच. बेटं ३६, त्यांतली नांदती १०. कवरत्ती, अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कदमत, कल्पेनी, किल्तान, चेतलत, बित्रा आणि पार दक्षिणेला, मालदीवच्या वाटेवर, मिनिकॉय. २०११च्या जनगणनेत या सगळ्यांची लोकसंख्या ६४,४७३. आपल्याकडच्या एका मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. जमीन किती? जनगणना ३० चौरस किलोमीटर धरते, इतर सरकारी कागदांत ३२ असतात. म्हणजे घनता झाली चौरस किलोमीटरला २,१४९ माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची घनता होती ३६५. पुन्हा सांगतो. आपल्याकडे ३६५, तिथे २,१४९. बेटं म्हणजे मोकळी जागा, ही आपली समजूत इथेच मोडते.

आणि ही जमीन तरी कशी? प्रवाळाची. समुद्राच्या तळातून वर आलेल्या प्रवाळाच्या कड्यावर साचलेली वाळू आणि चुनखडी. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. बरीचशी जमीन समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच वर. गावातला माड हीच सगळ्यांत उंच गोष्ट. कवरत्ती हे राजधानीचं बेट, १९६४ साली कारभार कोझिकोडहून तिथे गेला. लांबी सहा किलोमीटरच्या आत आणि रुंदी, जिथे सगळ्यांत जास्त तिथे, दीड किलोमीटरच्या आसपास. त्यावर ११,२२१ माणसं.

आता गंमत बघा, जनगणनेच्या हिशेबात लक्षद्वीपची ७८ टक्के वस्ती शहरी आहे! माझं यावर ठाम मत आहे, ते सांगूनच टाकतो. ‘शहरी’ हा शिक्का बसला की आमच्या खात्यातला माणूस डोळे झाकून माणशी १३५ लिटरचा हिशेब मांडतो. कवरत्तीला तो मांडला तर रोजचे पंधरा लाख लिटर होतात. पण हे पंधरा लाख आणायचे कुठून, याला त्या तक्त्यात रकानाच नसतो. सरासरीचा आणि निकषांचा हा सोस मी जन्मभर पाहिला आणि मला तो कधीच आवडला नाही. असो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी इथे बसलोय, ती सांगतो.

१९९४चा मार्च महिना. विहिरींची पाहणी करायला मी कवरत्तीला गेलो होतो. कोचीहून बोट. अगदी आतपर्यंत ती जात नव्हती. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि लहान होडी तिच्या अंगाला लागायची. लाटेवर होडी वर आली की पाऊल टाकायचं. माझ्या पुढे एक बाई तान्हं मूल घेऊन उतरली. आधी मूल खालच्या माणसाच्या हातात दिलं, मग स्वतः उतरली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कवरत्तीत घरोघरी विहीर. परसात, माडांच्या सावलीत, प्रवाळाच्या दगडाने बांधलेली. आपल्याकडे देशावर दहा-बारा परस, म्हणजे माणसाच्या उंचीच्या दहा-बारापट, खणून कोरडी निघालेली विहीर मी पाहिली आहे. इथे दोन परसांत पाणी! वाकून बघितलं तर आपला चेहरा दिसावा इतकं जवळ, आणि प्यायला गोड. चहूकडे खारा समुद्र, मध्ये दीड किलोमीटर वाळू, आणि त्या वाळूत गोडं पाणी. मी हरखून गेलो.

पहिल्या दिवशी सकाळी एका घरच्या विहिरीत पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण केली. घर एका वयस्कर बाईंचं होतं. सगळे त्यांना उम्मा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांची भाषा मल्याळमची तिथली बोली, म्हणून बरोबर दुभाष्या म्हणून गावातला एक तरुण मुलगा. दुपारी परत येऊन बघतो तर खूण पाण्याखाली! पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, घरात तर दिवसभर उपसा चाललेला. तरी पाणी वर. मी मुलाला विचारलं, कुणी विहिरीत पाणी ओतलं का? त्याने उम्मांना विचारलं. उम्मांनी नुसता किनाऱ्याकडे हात केला. समुद्राला भरती होती. समुद्राला आली म्हणून विहिरीलाही आली. संध्याकाळी ओहोटी लागली आणि माझी खूण पुन्हा कोरडी झाली.

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. पण मला विहिरीची आवक मोजायची होती. आमची पद्धत ठरलेली. पंप लावायचा, पाणी उपसून पातळी खाली न्यायची, मग पंप बंद करून ती किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघायचं. शेकडो विहिरींवर हे केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पंप सुरू केला.

उम्मा मागच्या दारात उभ्या होत्या. त्या मुलाशी काहीतरी बोलल्या. तो मला म्हणाला, “सर, उम्मा म्हणतात, हळू.” मी म्हटलं, त्यांना सांग, पाणी भरपूर आहे, संपणार नाही. आणि खरंच संपेना. तासभर पंप चालला तरी पातळी जेमतेम वीतभर उतरली. मी खूश. वहीत लिहिलं, ‘आवक उत्तम’. चार तास पंप चालवला, श्रोतेहो. चार तास.

बारा वाजता उम्मांनी आम्हा दोघांना चहा दिला. कोरा चहा, काचेच्या पेल्यात, साखर चांगली सढळ. मी घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. चहा खारट होता. साखरेच्या खालून मीठ लागावं तसा. उम्मा समोर बसल्या होत्या, माझ्याकडे बघत. रागाने नाही. मला कळलंय का, एवढंच बघत होत्या. मी पेला पूर्ण संपवला. दुसरं काय करणार? त्यांच्या विहिरीचं पाणी मी मचूळ करून ठेवलं होतं.

मग उम्मांनी मला विहिरीपाशी नेलं आणि एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून दाखवला. खालचा हात म्हणजे समुद्र, वरचा म्हणजे गोडं पाणी. वरचा हात त्यांनी हळूहळू काढून घेतला, तसा खालचा वर वर आला. मग पत्र्याचा छोटा डबा दोराने खाली सोडला. तो बुडू दिला नाही. पाण्यावर आडवा पडू दिला, कडेने आत शिरलं तेवढंच पाणी घेतलं आणि ओढला. दुधावरची साय काढावी तसं. लहानपणापासून त्या हाताने तेच काम केलं होतं.

पुढचे पाच दिवस त्या घरी शेजारून पाणी आलं, भात शिजवायला आणि प्यायला. मी कवरत्तीत होतो तोपर्यंत विहीर पुरती गोड झाली नव्हती. रोज सकाळी तिथे जाऊन मी पाणी चाखत होतो. कोणीही मला एका शब्दाने बोललं नाही. त्याने जास्त लागत होतं.

तर यामागचं शास्त्र आता थोडक्यात. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खालच्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात, मध्ये जाड आणि कडांना पातळ. पुस्तकी नियम असा की समुद्रपातळीच्या वर एक हात गोडं पाणी असेल तर खाली चाळीस हात असतं. प्रत्यक्षात या बेटांवर वरची बाजू वीत-दोन वीत आणि खाली काही मीटर, एवढाच कारभार, कारण भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ते ढवळत असते. वरून जोराने उपसलं की खालून खारं पाणी चढतं. आपल्याकडे पाणी कमी पडलं की आपण विहीर खोल करतो. तिथे खोल करणं म्हणजे समुद्राला वाट करून देणं. खोल नाही, वरवर. पुन्हा सांगतो, खोल नाही, वरवर. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तिथे आडात भरपूर असतं, पण पोहरा कसा बुडवायचा ते माहीत पाहिजे.

आता हे कळल्यावर बाकीची आखणी झरझर उलगडते. पहिलं, एक मोठी विहीर आणि मोठा पंप हा विचारच नको. उथळ विहिरी पुष्कळ, प्रत्येकीतून थोडा थोडा उपसा. दुसरं, सांडपाणी. त्या वाळूत शोषखड्डा खणला की त्याचं पाणी काही पावलांवरच्या पिण्याच्या विहिरीत जातं. चौरस किलोमीटरला २,१४९ माणसं असताना विहीर आणि शोषखड्डा यांत अंतर ठेवणार तरी कुठे? म्हणून नळाच्या आधी सांडपाण्याची योजना, असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. तिसरं, पाऊस. वर्षाला साधारण १,६०० मिलिमीटर पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. शंभर चौरस मीटरच्या छपरावर १ लाख ६० हजार लिटर. त्यातलं निम्मं जरी टाकीत धरलं तरी घर उन्हाळा काढतं. पागोळीचं पाणी वाया घालवणं मला तर आपल्याकडेही बघवत नाही. कोकणात साडेतीन हजार मिलिमीटर पडून एप्रिलमध्ये टँकर येतात, पण तो वेगळा विषय झाला.

२००५ साली कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी निर्वात पात्रात घालून वाफ करायची आणि साडेतीनशे-चारशे मीटर खालचं थंड पाणी आणून ती वाफ थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर. माणशी जेमतेम नऊ लिटर, म्हणजे पिण्या-रांधण्यापुरतं. पण विहिरीवरचा तेवढा भार उतरला. २०११मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसे प्रकल्प झाले. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

वेळ सरत आली. दोन गोष्टी भरभर सांगतो.

एक, बेगमी. सिमेंट, खडी, विटा, डिझेल, सगळं समुद्रावरून. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला, लहान मालवाहू गलबतं बंद. म्हणजे कामाचं वर्ष आठ महिन्यांचं. मेच्या पहिल्या आठवड्यात जे उतरलं नाही, ते दिवाळीच्या तोंडावर. आणि धक्का किती मोठा हवा हे माणसांच्या संख्येवर ठरवू नका. ती बाई आठवते ना, तान्हं मूल आधी खाली देणारी? धक्का तिच्यासाठी असतो.

दुसरी, जमीन. ही बेटं मुस्लिमांची, पण वारसा आईकडून चालतो. घराण्याची सामाईक मालमत्ता ‘शुक्रवारची’ आणि माणसाने स्वतः कमावलेली ‘सोमवारची’, असं तिथे म्हणतात. शुक्रवारच्या जमिनीतून जलवाहिनी न्यायची तर एका माणसाची सही घेऊन भागत नाही, त्या घराण्यातल्या सगळ्यांना विचारावं लागतं, आणि त्यात बायकांचा शब्द मोठा. सातबाऱ्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे आधी उमजतच नाही. लोकसंख्येच्या तक्त्यात ते लिहिलेलं नसतं, पण काम अडतं ते तिथेच.

आणि दहा बेटं म्हणजे दहा वेगळी कामं. आंद्रोत ११,१९१ माणसांचं, बित्रा २७१ माणसांचं. बित्राची जमीन दहा-साडेदहा हेक्टर, आपल्याकडच्या एका बऱ्या शेतकऱ्याच्या शेताएवढी. तिथेही शाळा लागते, औषधं लागतात, वीज लागते, आणि शेजारच्या बेटावरून तार ओढून ती आणता येत नाही.

त्या वर्षी परत निघण्याआधी मी पाहणीचा छापील तक्ता पुढे ओढला. विहिरीचा क्रमांक, खोली, व्यास, पातळी, चव, असे रकाने होते. पट्टी घेऊन शेवटी एक रकाना हाताने आखला आणि वर लिहिलं, ‘भरतीची वेळ’. मग उम्मांच्या विहिरीपासून सगळ्या नोंदी पुन्हा घ्यायला सुरुवात केली, डबा आडवा सोडून.

नमस्कार.