मिल थांबली, पण बोटांना अजून काम येतं

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांचा पगार. कामावरून कमी केलेल्या माणसानं नवं काम शिकावं म्हणून नव्या कायद्यात एवढीच तरतूद आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२०. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मालकानं हे पैसे पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात यायला हवेत. कपातीची भरपाई वेगळी, ती सोडू नका. पगाराच्या पावत्या, हजेरीचे कागद जपून ठेवा.

पण पंधरा दिवसांत माणूस काय शिकणार?

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरची फिनले मिल, म्हणजे कापड गिरणी, घ्या. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि साचे थांबले. मिल थांबली की बाहेरची चहाची टपरी थांबते, खानावळ थांबते. मग माणूस वावराकडे वळतो. तिथं काम तेवढंच, हात वाढलेले. जो आधीपासून रोजानं जात होता, त्याचेच दिवस कमी होतात. एका मिलची बेकारी अशी गावोगाव पसरते.

आणि या माणसाला आपण 'अकुशल' म्हणतो, याचा मला राग येतो. चालत्या चातीवर तुटलेला धागा सांधून बघा एकदा! बेअरिंग बिघडलंय हे त्याला आवाजावरूनच कळतं.

आता गावात काय बिघडतं? विहिरीवरची मोटार. ऐन रब्बीत व्होल्टेज पडतं, मोटार जळते. शेतकरी ती गाडीला बांधून तालुक्याला नेतो, इकडे हरभरा पाण्यावाचून उभा. मोटार भरायचं काम, म्हणजे रिवाइंडिंग, या कामगाराच्या हाताला लवकर बसेल. त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तिथं असे कोर्स फुकट असतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी करा. अडचण फीची नाहीच मुळी. घरचा कर्ता महिनाभर शिकायला गेला, तर तेल-मीठ कुठून येणार?

१९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रानं खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी दिली, पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा केला. मग मंदीत मोटारीचे वेढे भरायला शिकणाऱ्यालाही, शिकतोय तेवढे दिवस, तसाच रोज द्या.